श्वानांची अ‍ॅलर्जी : उपचार अंदाजाने नको, क्रमाने हवेत

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे लोटले की पाळीव श्वानांची खाज हा शहरांतील अनेक घरांत काळजीचा विषय होतो. रात्रभर पंजे चाटत बसणारा लॅब्राडॉर, सतत कान झटकणारा पग, सोफ्याच्या कडेला पाठ घासून केस घालवून बसलेला जर्मन शेफर्ड, असे चित्र सर्रास दिसते. खाज दिसताच बहुतेक मालकांचा संशय प्रथम वाडग्याकडे वळतो. बागेत भेटणारे कुणी ‘चिकन बंद करा’ म्हणते, तर कुणी ‘गहू चालत नाही’ असे छातीठोकपणे सांगते. दुकानातून महागड्या खाद्याचे नवे पाकीट येते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही की तेही बदलले जाते. मधल्या काळात एखादे इंजेक्शन देऊन खाज थांबवली जाते आणि महिनाभराने ती पुन्हा डोके वर काढते. या चक्रात वर्ष-दोन वर्षे निघून जातात, पण मूळ कारण कोणी शोधलेलेच नसते.

श्वानांची अ‍ॅलर्जी बहुधा मुळापासून बरी होत नाही. मात्र योग्य आहार आणि योग्य औषधोपचार यांनी ती उत्तम प्रकारे आटोक्यात ठेवता येते. त्यासाठी एकच पथ्य आहे, ते म्हणजे क्रम न मोडण्याचे. कोणती गोष्ट आधी तपासायची आणि कोणती नंतर, हे ठरवूनच पुढे गेले तर श्वानाचे हाल आणि मालकाचा खर्च दोन्ही वाचतात.

खाज हे लक्षण आहे, निदान नाही

शरीराला एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला रोगप्रतिकारक यंत्रणेने शत्रू समजून दिलेला प्रतिसाद म्हणजे अ‍ॅलर्जी. माणसात ती अनेकदा शिंका, वाहते नाक किंवा दमा या रूपांत दिसते. श्वानांत मात्र तिचा मुख्य रोख त्वचेवर असतो. पंजे, काखा, जांघा, पोटाचा खालचा भाग, डोळ्यांभोवतीची त्वचा आणि कान या जागा प्रामुख्याने बाधित होतात. फिकट रंगाच्या श्वानांत सतत चाटल्यामुळे पंजांवरील केस तांबूस होतात, ही खूण घरच्या माणसालाही सहज ओळखता येते. वारंवार होणारा कानाचा संसर्ग हेही अनेकदा अ‍ॅलर्जीचेच रूप असते. काही श्वानांत तर कानाखेरीज दुसरे लक्षणच नसते.

श्वानांत त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे तीन प्रमुख प्रकार आढळतात. पहिला पिसवांच्या चाव्यामुळे होणारा, दुसरा अन्नामुळे होणारा आणि तिसरा धूळ, परागकण, बुरशी अशा सभोवतालच्या घटकांमुळे होणारा. या तिसऱ्या प्रकाराला वैद्यकीय भाषेत ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ म्हणतात. एकाच श्वानात एकाहून अधिक प्रकार असू शकतात आणि अन्नाची व हवेतील घटकांची अ‍ॅलर्जी तर केवळ पाहून वेगळी ओळखता येत नाही. म्हणूनच सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे पायरी-पायरीने जावे लागते.

पहिली पायरी : पिसवा आणि खरूज

‘आमच्या कुत्र्याच्या अंगावर पिसवा नाहीत’ असे सांगणाऱ्या मालकाचा प्रामाणिकपणा मान्य केला, तरी हा पुरावा अपुरा आहे. ज्या श्वानाला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला खाज सुटण्यास मोजके चावेही पुरेसे होतात आणि सतत चाटण्यामुळे तो अंगावरील पिसवा स्वतःच गिळून टाकतो. शिवाय घरातील एकूण पिसवांपैकी जेमतेम पाच टक्केच प्रौढ अवस्थेत श्वानाच्या अंगावर असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात गालिचा, गादी व फटींमध्ये दडलेल्या असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. पाठीचा शेपटीकडील भाग आणि मांड्यांची मागची बाजू येथे खाज अधिक असेल तर पिसवांचा संशय बळावतो.

त्यामुळे घरातील सर्व श्वान-मांजरांवर एकाच वेळी आणि सलग काही महिने पिसूनाशक उपचार करणे ही पहिली पायरी ठरते. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर या गटातील गोळ्यांमुळे गेल्या दशकात हे काम सोपे झाले आहे. मात्र या गटातील औषधांमुळे काही श्वानांत झटके येण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. श्वानाला फिट्सचा त्रास असेल तर तो पशुवैद्यकांना आधी सांगणे आवश्यक आहे. घरात मांजर असल्यास आणखी एक खबरदारी घ्यावी. श्वानांसाठीच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिन मांजरांना विषारी ठरते.

याच टप्प्यावर त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. कानाच्या कडा, कोपरे आणि पोट येथे तीव्र खाज असेल तर ती खरूज असू शकते. खरूज घरातील माणसांनाही तात्पुरती त्रास देते. डेमोडेक्स या दुसऱ्या सूक्ष्म जिवामुळे होणारा त्वचाविकार तर स्टेरॉइड दिल्याने अधिकच बळावतो. तपासणीविना दिलेले ‘खाजेचे इंजेक्शन’ अंगाशी येते ते असे. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिन परस्पर देण्याची पद्धतही धोक्याची आहे. कोली आणि तत्सम जातींच्या अनेक श्वानांना आनुवंशिक दोषामुळे हे औषध प्राणघातक ठरू शकते.

दुसरी पायरी : संसर्गाचा बंदोबस्त

अ‍ॅलर्जीमुळे त्वचेचा संरक्षक थर दुबळा होतो आणि एरवी तेथे शांतपणे राहणारे जिवाणू व यीस्ट बेसुमार वाढतात. अंगाला येणारा उग्र, आंबूस वास, तेलकट त्वचा, पुटकुळ्या, गोल खपल्या ही त्याची चिन्हे. या संसर्गाची स्वतःची खाज असते आणि ती दूर केल्याशिवाय अ‍ॅलर्जीची मूळ खाज किती आहे, हे कळूच शकत नाही.

चिकटपट्टी किंवा काचपट्टीवर घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे निदान काही मिनिटांत होते. क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पूने अंघोळ हा त्यावरील महत्त्वाचा उपाय आहे. मात्र फेस अंगावर साधारण दहा मिनिटे राहू द्यावा लागतो. लावला आणि लगेच धुतला, तर उपयोग होत नाही. प्रतिजैविकांचा वापर पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच आणि पूर्ण मुदतीपर्यंत करावा. पिसवांसाठी रॉकेल चोळणे किंवा अंथरुणात डांबराच्या गोळ्या ठेवणे हे घरगुती उपाय सरळसरळ विषबाधेला निमंत्रण देणारे आहेत.

तिसरी पायरी : आहाराची खरी चाचणी

पिसवा नाहीत, संसर्ग आटोक्यात आहे आणि तरीही वर्षाचे बाराही महिने खाज सुरू आहे, अशा वेळी अन्नाकडे वळायचे. खाजेबरोबर वारंवार पातळ शौच, वायू, दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागणे अशा तक्रारी असतील तर हा संशय अधिक रास्त ठरतो. उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यानुसार पशुवैद्यकांकडे येणाऱ्या एकूण श्वानांत अन्नाची अ‍ॅलर्जी एक ते दोन टक्क्यांतच आढळते. खाजेची तक्रार घेऊन आलेल्या श्वानांत मात्र हे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ९ ते ४० टक्के इतके आहे. म्हणजेच ती सरसकट गृहीत धरता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

अ‍ॅलर्जी होते ती प्रामुख्याने अन्नातील प्रथिनांची, आणि तीही पूर्वी खाल्लेल्या प्रथिनांची. ‘इतकी वर्षे चिकनच खातोय, मग आताच कसे बाधेल?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वर्षानुवर्षे खाल्लेला पदार्थच बहुधा बाधतो, हे त्याचे उत्तर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या २९७ श्वानांची माहिती एकत्र करण्यात आली होती. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के श्वानांना बाधत असल्याचे दिसले. ही माहिती पाश्चात्त्य देशांतील होती. आपल्याकडे श्वानाच्या वाडग्यात चिकन-भात, दूध-पोळी आणि दही-भात अधिक असतो. त्यामुळे ही क्रमवारी येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. प्रत्येक श्वानाचा आहारेतिहास स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

चाचणीचे तत्त्व साधे आहे. श्वानाने पूर्वी कधीच न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढ्यावरच त्याला सलग आठ आठवडे ठेवायचे. पाच आठवड्यांत अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या ८० टक्क्यांहून अधिक, तर आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक श्वानांत सुधारणा दिसते, असे २०१५ मधील आढाव्यातून समोर आले. पंधरा दिवसांत खाद्य बदलून निष्कर्ष काढणे का चुकीचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाडग्यात काय वाढावे?

यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, घरी शिजवलेले अन्न. ज्या श्वानाने कधी मासे खाल्लेले नाहीत, त्याला काटे काढलेले उकडलेले मासे आणि बटाटा किंवा रताळे देता येते. किनारपट्टीवरील घरांत मासे श्वानालाही नवे नसतात, तेथे दुसरा पर्याय शोधावा लागतो. चिकन खाणाऱ्या श्वानाला बदक किंवा टर्की देऊन उपयोग नाही, कारण पक्ष्यांच्या मांसातील प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असतात. अन्नात मसाला घालू नये. कांदा आणि लसूण तर श्वानाच्या रक्तपेशींना घातक असल्याने ते कटाक्षाने टाळावेत.

घरच्या अन्नाला एक मर्यादा आहे. केवळ मांस आणि भात किंवा बटाटा यांतून पुरेसे कॅल्शियम आणि इतर पोषणद्रव्ये मिळत नाहीत. प्रौढ श्वानाला चाचणीपुरते हे चालते, मात्र पिलांना आणि दीर्घकाळासाठी असा आहार पशुवैद्यकांकडून आखून घेतल्याशिवाय देऊ नये.

दुसरा मार्ग हायड्रोलाइज्ड खाद्याचा. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की रोगप्रतिकारक यंत्रणेला ती बहुधा ओळखता येत नाहीत. हे खाद्य महाग असले तरी पोषणदृष्ट्या परिपूर्ण असते. घरात मांसाहार शिजवणे शक्य नसलेल्या कुटुंबांनाही ते सोयीचे पडते. तिसरा मार्ग, पशुवैद्यकीय वापरासाठी बनवलेल्या नव्या प्रथिनाच्या खाद्याचा. दुकानात सहज मिळणारे ‘लॅम्ब अँड राइस’ लिहिलेले पाकीट मात्र या चाचणीसाठी विश्वासार्ह नाही. मागील बाजूच्या बारीक अक्षरांत चिकन मील किंवा चिकन फॅट आढळते. छापलेल्या यादीत नसलेली प्रथिनेही अशा खाद्यांत सापडल्याचे अनेक तपासण्यांत दिसून आले आहे.

‘ग्रेन-फ्री’ खाद्याचा अलीकडे बराच बोलबाला आहे. धान्याची अ‍ॅलर्जी काही श्वानांना असते हे खरे, परंतु प्राणिज प्रथिनांची अ‍ॅलर्जी अधिक आढळते. डाळी-कडधान्यांचे प्रमाण जास्त असलेली अशी खाद्ये आणि हृदयाच्या स्नायूंचा एक विकार यांच्या संभाव्य संबंधाची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. हा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. तथापि केवळ फॅशन म्हणून धान्य वगळण्यात काही हशील नाही.

चाचणी फसते कुठे?

बहुतेक चाचण्या स्वयंपाकघरात नव्हे, तर त्याबाहेर फसतात. आजोबांनी चहाबरोबर दिलेले ग्लुकोज बिस्किट, नातवाच्या हातून सांडलेले दूध, वॉचमनने प्रेमाने टाकलेला पोळीचा तुकडा, दुसऱ्या पाळीव प्राण्याच्या वाडग्यातील उरलेले अन्न, यांपैकी एकही गोष्ट आठ आठवड्यांची मेहनत वाया घालवू शकते. मांसाच्या स्वादाच्या चघळायच्या गोळ्या, कॅल्शियमची हाडे, जिलेटिनच्या कॅप्सूल आणि स्वादयुक्त टूथपेस्ट यांतही प्रथिने असतात. त्यामुळे जंत आणि पिसवांसाठीची औषधे या काळात कोणत्या स्वरूपात द्यायची, हे पशुवैद्यकांशी बोलून आधीच ठरवावे. घरातील प्रत्येकाला, स्वयंपाकाच्या बाईंना आणि श्वानाला फिरवून आणणाऱ्या मुलालाही नियम समजावून सांगावेत. फ्रीजवर एक कागद लावून रोजचा आहार आणि शून्य ते दहा या मापात खाजेची नोंद ठेवल्यास निष्कर्ष काढणे सोपे जाते.

सुरुवातीच्या दिवसांत खाज असह्य असेल तर ती कमी करणारे औषध देता येते. मात्र शेवटचे किमान दोन आठवडे श्वान औषधाविना केवळ आहारावर असला पाहिजे. अन्यथा श्रेय आहाराचे की गोळीचे, हे समजणार नाही.

यानंतरचा टप्पा मालकांना सर्वांत नकोसा वाटतो. श्वान बरा झाला, आता पूर्वीचे अन्न पुन्हा कशाला द्यायचे? परंतु हीच चाचणीची अखेरची आणि निर्णायक कसोटी आहे. जुना आहार सुरू केल्यावर खाज परतली, तरच अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध होते. बहुतेक श्वानांत ती दोन आठवड्यांच्या आत परतते. ती परतली नाही, तर सुधारणा ऋतू बदलल्याने किंवा पिसवा गेल्यामुळे झाली असे समजावे. खाज परतल्यास पुन्हा चाचणीचा आहार सुरू करून चिकन, दूध, अंडे, गहू असा एकेक पदार्थ एक-दोन आठवड्यांच्या अंतराने तपासता येतो. या कष्टाचे फळ मोठे आहे. दोषी पदार्थ नेमका कळला की बाकीचे सारे पदार्थ त्याला आयुष्यभर निर्धास्तपणे देता येतात.

रक्त, लाळ किंवा केसांचा नमुना पाठवून अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखण्याच्या चाचण्यांची जाहिरात अनेक ठिकाणी दिसते. त्यांवर विसंबून आहार ठरवू नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाळ-केसांच्या चाचणीसाठी श्वानांच्या नमुन्यांबरोबर खेळण्यातील प्राण्याचे कृत्रिम केसही पाठवण्यात आले होते. खऱ्या आणि खोट्या नमुन्यांत ही चाचणी फरक करू शकली नाही.

चौथी पायरी : उरते ती सभोवतालची अ‍ॅलर्जी

आहाराच्या चाचणीनंतरही खाज कायम राहिली तर अ‍ॅटोपिक डर्मटायटिसचे निदान केले जाते. हा विकार बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत सुरू होतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असून लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड, पग या आपल्याकडील लोकप्रिय जातींत तो विशेष आढळतो. घरातील धुळीतले अतिसूक्ष्म माइट हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. हे जीव दमट हवेत फोफावतात. त्यामुळे मुंबई-कोकणासारख्या हवामानात श्वानाचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुणे आणि फिरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करणे या साध्या सवयींनाही महत्त्व येते.

औषधांबाबत मालकांनी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स प्रभावी आणि स्वस्त असतात. तीव्र त्रासात, थोड्या दिवसांसाठी त्यांचा वापर योग्यच आहे. मात्र दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शने वारंवार घेतल्यास तहान-भूक-लघवी वाढणे, स्नायू झिजणे, त्वचा पातळ होणे, संसर्ग आणि मधुमेह असे दुष्परिणाम संभवतात. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओक्लासिटिनिब या गोळीला २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तिने खाज लवकर कमी होते, मात्र एक वर्षाखालील श्वानांना ती देत नाहीत. खाजेचा संदेश वाहून नेणाऱ्या इंटरल्युकिन-३१ या घटकाला निष्प्रभ करणारे लोकिवेटमॅब हे इंजेक्शन त्यानंतर आले. यांपैकी आपल्या श्वानाला काय योग्य आणि आपल्या शहरात काय उपलब्ध, हे पशुवैद्यकच सांगू शकतील. माणसांच्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मात्र परस्पर देऊ नयेत. त्यांतील काही मिश्रणांत असणारे स्यूडोएफेड्रिन श्वानांना विषारी असते.

मूळ प्रतिसादच बदलू पाहणारा उपचार म्हणजे इम्युनोथेरपी. त्वचेवरील किंवा रक्ताच्या चाचणीतून धूळ-परागकणांपैकी कारणीभूत घटक निवडून त्यांचे सूक्ष्म डोस दिले जातात. साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश श्वानांना त्याचा उपयोग होतो, परंतु फळ दिसायला वर्षभर लागू शकते. माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्वचेला मदत करतात. त्यांचा परिणामही दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि तो मुख्य उपचाराला पूरक असतो, पर्याय नव्हे.

जबाबदारी दीर्घकाळाची

अ‍ॅलर्जीवरील उपचार खर्चिक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी परळ येथील १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच शिरवळ आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये यांची रुग्णालये हा एक मार्ग आहे. पिल्लू घेण्यापूर्वीच त्याच्या आई-वडिलांना त्वचेचा विकार होता का, हे विचारणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग.

केस झडलेले, अंगाला वास येणारे जातिवंत श्वान रस्त्यावर किंवा एखाद्या आश्रयगृहाच्या दाराशी सोडून देण्याचे प्रकार शहरांत घडतात. प्राण्याला उपासमार घडेल अशा परिस्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. यांतील कित्येक श्वानांचा विकार संसर्गजन्य नसतो आणि असाध्यही नसतो. कमी पडलेला असतो तो आठ आठवड्यांचा संयम.

हे लक्षात ठेवा

– आधी पिसवा व खरूज, मग संसर्ग, त्यानंतर आहार आणि शेवटी सभोवतालचे घटक, हा क्रम पाळा.
– आहाराची चाचणी सलग आठ आठवडे करा. बिस्किट, दूध, पोळीचा तुकडाही देऊ नका.
– सुधारणा दिसल्यास जुना आहार पुन्हा देऊन निदानाची खात्री करून घ्या.
– लाळ किंवा केसांच्या चाचणीवरून आहार ठरवू नका.
– इंजेक्शन घेण्यापूर्वी ते कोणते आणि किती काळ परिणाम करणारे आहे, हे विचारा व लिहून ठेवा.
– अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे, धाप लागणे किंवा श्वान कोसळणे असे अचानक घडल्यास विलंब न लावता पशुवैद्यकांकडे न्या.